रघूच्या गाडीचं रक्त

दर गुरुवारी दुपारी चामटोलीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे. बदलापूर स्टेशनवरून रिक्षा भरभरून येत. अंबरनाथ पूर्वेच्या बायका डब्यांत नैवेद्य आणत. उल्हासनगरचे व्यापारी मोटारीतून उतरून बूट हातात घेत. सगळे एकाच अंगणाकडे जात. त्या अंगणात रघूचा पांढरा पिकअप उभा असे, टपावर हार आणि काचेवर गंध. त्या पिकअपमधून रक्त गळे.

रघू म्हणजे चामटोलीचा भाजीवाला. धरणाकडच्या कामावर आलेल्या कोण्या परदेशी ठेकेदाराने जाताना आपल्या गाड्या विकल्या, त्यातली ही एक जुनी जपानी गाडी रघूने घेतली. गावातल्या टेम्पोचं स्टिअरिंग वळवताना माणूस घामाघूम व्हायचा. रघूची गाडी एका बोटाने वळायची. काकड्या आणि भेंडी भरून तो पहाटे उल्हासनगरच्या बाजारात जाई. शहाण्णव सालच्या मार्चमध्ये तिथून परतताना गावाजवळच्या वळणावर त्याच्या छातीत कळ आली. गाडी हळूहळू रस्ता सोडून शेताच्या बांधाला टेकली. लोक पोहोचले तेव्हा इंजिन चालू होतं आणि रघू गेलेला होता.

रघूचा पुतण्या बबन याने गाडी अंगणात आणून लावली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याखाली लाल थेंब दिसले. पुढे बबन बाजारात जाऊ लागला, तेव्हा तो सांगू लागला की वळताना गाडी कण्हते, आणि स्टिअरिंग पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं जड लागतं. आठवड्याभरात थेंब आपोआप थांबले. तोवर बातमी डोंगराखालच्या मठात पोहोचली होती, आणि अण्णामहाराज चामटोलीत आले.

अण्णामहाराज आले आणि रक्त पुन्हा सुरू झालं.

"हिला गाडी म्हणू नका," ते टपावर हात ठेवून सांगत. "गाडीला चाकं असतात, हिला पाय आहेत. गाडीला इंजिन असतं, हिला काळीज आहे. रघूचा जीव कुठे गेला म्हणता? यमदूत आले, तेव्हा रघू म्हणाला, थांबा, गाडी बाजूला लावतो. तेवढ्यात तो गाडीत शिरला. यमदूतांना ड्रायव्हिंग येत नाही, ते काय करणार?"

लोक हसत आणि त्याच दमात डोळे पुसत. महाराजांना ही कला साधली होती. त्यांना भूत, भविष्य आणि सात जन्मांचे हिशेब ठाऊक होते. एक वाजता येतो म्हणून तीनला का येतात, एवढंच त्यांना सांगता येत नसे.

मग विधी होई. बॉनेटला काळा दोरा बांधलेला असे. तो महाराजांशिवाय कुणी सोडायचा नाही. महाराज दोरा सोडत, शाल आडवी धरून बॉनेट उघडत आणि पितळी कमंडलूतलं तांबडं तीर्थ आत कुठेतरी ओतत. रक्तचंदनाचं तीर्थ, म्हणत. मग बबन गाडी सुरू करी.

"रघू, आलास का?" महाराज विचारत, आणि बबनला म्हणत, "फिरव. शेवटपर्यंत फिरव."

चाकं पूर्ण वळली की गाडीतून लांब, दुखरा आवाज निघे. लोकांच्या अंगावर काटा येई.

"आला. रघू, तुला कुणावर राग आहे का? बबन, हळूच फिरव. अर्ध्यावर थांब."

गाडी गप्प.

"राग नाही. पुण्यवान जीव. तुला मठात यायचंय का? बबन, शेवटपर्यंत."

गाडी कण्हे. थोड्या वेळाने खाली लाल थेंब पडू लागत आणि बायका ते बोटावर घेऊन कपाळाला लावत.

मी तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन बदलापुरात राहत होतो आणि रविवारी सकाळी चामटोलीच्या समाजमंदिरात मुलांना विज्ञान शिकवायला जात होतो. रघूची मुलगी अंजनी सातवीत होती. एका रविवारी तास संपल्यावर बाकीची मुलं पळाली, ती बसून राहिली.

"गुरुजी, तीर्थ देवळात सगळ्यांना देतात ना?"

"हो."

"मंग महाराजांचं तीर्थ एकटी गाडीच का पिते?"

चाळीस वर्षं मी शिकवलं. चांगला प्रश्न आला की उत्तर देण्याची घाई करायची नाही, एवढं त्यातून शिकलो. मी म्हटलं, तुला काय वाटतं? तिला बरंच काही वाटत होतं. कपाळाला लावलेलं रक्त संध्याकाळपर्यंत सुकत नाही, असं तिने पाहिलं होतं. येत्या गुरुवारी महाराज गाडी कायमची मठात नेणार होते, रघूला तिथे शांती मिळावी म्हणून, आणि तिच्या आईने हो म्हटलं होतं. गाडी गेली की बाजार बंद, आणि मग तिला मामाकडे पाठवणार असं ठरत होतं. हे तिने शेवटी सांगितलं, माझ्याकडे न बघता. आई आता घरात झोपतच नाही, गाडीत बसूनच रात्र काढते, तेव्हा तिकडे गेलं काय आणि इथे राहिलं काय, असंही म्हणाली.

मी तिच्याबरोबर घरी गेलो.

अंजनीची आई, सुनंदाबाई, पिकअपच्या सीटवर बसल्या होत्या, रघूच्या शेजारी बसत त्या बाजूला. बॉनेटवर भाताचं ताट ठेवलेलं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. अंगण गुरुवारी माणसांनी भरायचं ते हेच, यावर विश्वास बसू नये इतकं ते रिकामं होतं. कोंबड्यासुद्धा शेजारच्या आवारात होत्या.

मी इकडचं तिकडचं बोललो. मग म्हटलं, गाडी देण्याआधी एकदा विचार करा, या माणसाचं मला खरं वाटत नाही.

त्यांनी काचेवरचं सुकलेलं गंध नखाने खरवडलं.

"खोटा असंल तो, गुरुजी. मी काय येडी नाय. पन हे गेले, दिवस झाले, आनि समदी मानसं आपापल्या घरी गेली. परत कोन आलं नाय. शेजारीन पन हाक मारायची बंद झाली, बोलायचं काय म्हनून. आता गुरुवारी माझ्या दारात मानसं असतात. यांचं नाव घेतात." त्यांनी डॅशबोर्डवरून पदर फिरवला. "आनि ह्यो आवाज. तो कुनाचा पन असो, गुरुवारी मी बोलले की कायतरी बोलतो."

विज्ञानाच्या पुस्तकात रिकाम्या अंगणावर धडा नसतो. पण अंजनी दारात उभी होती आणि तिचं ऐकून घेणारं घरात कुणी उरलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मी एवढंच म्हटलं, रघू दर रविवारी गाडी धुवायचा. आज अंजनीला धुऊ द्या.

सुनंदाबाई खाली उतरल्या. काळ्या दोऱ्यापाशी त्यांचा हात थबकला. मग त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, "गाडी यांची हाय. दोरा महाराजांचा."

बॉनेट उघडलं. आत सगळीकडे धूळ आणि चिकटा. अंजनीने रॉकेलच्या चिंधीने एकेक वस्तू पुसायला घेतली आणि मी पायरीवर बसून फक्त विचारत राहिलो. ओलं कुठे आहे? कोरडं कुठे आहे? ओल कुठून सुरू होते? गळती शोधायची तर खालच्या थेंबापासून वर जायचं, आणि आधी सगळं स्वच्छ करायचं. घाणीत नवं आणि जुनं वेगळं दिसत नाही.

एका बाजूला लहानसं काळं भांडं होतं. झाकण पुसल्यावर त्यावर उठावाची इंग्रजी अक्षरं निघाली. अंजनीने बोट ठेवून लावली. "पॉवर... स्टिअरिंग... फ्लुइड. फ्लुइड म्हणजे द्रव ना, गुरुजी?"

"द्रव. झाकण उघड."

झाकणाला खाली पट्टी जोडलेली होती, तेल किती आहे ते बघायला. पट्टी कोरडी होती. तिच्या टोकाला मात्र लाल अंश होता. तिने तो कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पुसला. कागद तिथे तेलकट पारदर्शक झाला. मग तिने मला न विचारताच आईच्या सुईने अंगठ्याला टोचलं आणि आपल्या रक्ताचा थेंब शेजारी लावला. आम्ही वाट पाहिली. रक्त सुकून तपकिरी पडलं. दुसरा डाग तसाच ओला, तसाच लाल.

गाडीचं स्टिअरिंग एका बोटाने वळायचं ते या तेलाच्या जोरावर. इंजिनाला जोडलेला पंप हे तेल दाबाने ढकलतो आणि ते आपल्या हाताला मदत करतं. तेल कमी झालं की वळताना पंप कण्हतो, आणि संपलं की मदत संपते आणि स्टिअरिंग जड होतं. पलीकडून कुणी धरलेलं नसतं. चाक अगदी शेवटपर्यंत वळवलं की तेलाला पुढे जायला वाट राहत नाही, म्हणून तेव्हाही पंप कण्हतो. हे मी तिला सांगितलं, कारण हे बघून कळण्यासारखं नव्हतं. पुढचं तिने बघून सांगितलं.

"इथं," ती आत वाकून म्हणाली. भांड्यातून निघालेली रबरी नळी एका लोखंडी पट्टीला घासत होती. ती पट्टी वाकलेली होती, पुढचा पत्राही थोडा आत गेला होता. तिच्या धारेने नळीला बारीक चीर पडली होती. "ही पट्टी बांधाला टेकली तेव्हा वाकली. म्हणून बा गेला त्या दिसापासून गळतंय."

लोकांचं तेवढं बरोबर होतं. गळती रघूच्या मरणाच्या दिवशीच सुरू झाली होती. दोन्ही गोष्टी एका वळणावर घडल्या, आणि आपण त्यांतली एक दुसरीच्या पोटात घातली.

सुनंदाबाई उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी एकच हरकत घेतली, आणि ती पक्की होती. भांडं रिकामं आहे म्हणता, मग गुरुवारी रक्त कुठून येतं?

अंजनीने हातातली चिंधी खाली ठेवली. तिने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर उत्तर हळूहळू उमटलं, आणि ते बघवेना म्हणून मी चप्पल शोधायला लागलो. जाताना मी त्यांना सांगितलं की गुरुवारी मी येईन, पण बोलणार नाही. गाडी तुमची, निर्णयही तुमचा.

गुरुवारी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. रघूला मठात नेणार म्हणून ढोल आणले होते. महाराज तीनला आले. तुटलेला दोरा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण लोकांकडे वळेपर्यंत तिचं हसू झालं.

"रघूने स्वतः बंधन तोडलं. निघायची घाई झालीय त्याला."

त्यांनी शाल उघडली आणि कमंडलू उचललं. तेवढ्यात सुनंदाबाई पुढे झाल्या. हातात पाण्याचा पेला होता. त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा पुढे केला.

"महाराज, आज तीर्थ आधी मला द्या. मी त्यांची बायको."

"बाई, हे मृताचं तीर्थ आहे. जिवंत माणसाला सोसणार नाही."

"माझ्या नवऱ्याचं मला सोसंल."

गर्दीत माना हलल्या. कुणीतरी म्हातारी म्हणाली, द्या की हो, तिचा हक्क आहे. महाराजांनी नाइलाजाने चार थेंब टाकले. सुनंदाबाईंनी ते प्यायले नाहीत. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, वास घेतला. वीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला याहून जास्त तपासणी लागत नाही. तरी त्यांनी हात पेल्यावर निथळवला. लाल थेंब पाण्यावर तरंगत राहिले. पेला त्यांनी पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात दिला, तिने शेजारणीला दाखवला.

"तेल हाय," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता.

महाराज आवाज चढवून माया, परीक्षा, कलियुग असं बरंच बोलले. सुनंदाबाईंनी त्यांच्या हातातून कमंडलू काढून घेतलं आणि अंजनीला दिलं. अंजनीने सगळ्यांसमोर काळ्या भांड्याचं झाकण उघडलं, कोरडी पट्टी दाखवली आणि तीर्थ आत ओतलं. मग ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली. बबनने बाजूने हात घालून गाडी सुरू केली. बाराएक वर्षांच्या पोरीच्या हाताने चाक सहज फिरलं.

"बा, माझं नाव अंजनी हाय का?" तिने चाक शेवटपर्यंत नेलं. गाडी कण्हली.

कुणीतरी हात जोडले.

"माझं नाव सुंदरा हाय का?" चाक पुन्हा शेवटपर्यंत. गाडी तशीच कण्हली.

"मी म्हैस हाय का?"

गाडी हो म्हणाली. मागच्या पोरांमध्ये हसू फुटलं आणि ते पुढे येत येत मोठ्यांपर्यंत पोहोचलं. अंजनी हसली नाही. तिने चाक मध्यावर आणलं, आवाज थांबला. सीटवरून ती आईकडे बघत म्हणाली, "आये, माझ्या बाला माझं नाव ठाऊक व्हतं."

बॉनेटखाली अंजनीने सकाळीच पसरलेल्या पांढऱ्या कागदावर लाल थेंब पडले. सुनंदाबाई गुडघ्यांवर बसल्या, वर पाहिलं, चिरलेल्या नळीवर बोट ठेवलं. थेंब थांबला. बोट काढलं, पुन्हा पडला. त्यांनी तीनदा बोट ठेवलं आणि काढलं.

बबन तेव्हा म्हणाला की महाराज पूर्वी आखातात असल्याच गाड्या चालवत होते, हे त्यांनीच त्याला सांगितलं होतं. चाक कुठवर फिरवायचं हा विधीचा भाग असेल, असं त्याला वाटत राहिलं. यापुढे महाराजांनी फार वेळ घेतला नाही. अविश्वासाच्या जागी देव थांबत नाही, असं म्हणून ते वेळेआधी निघाले, बहुधा पहिल्यांदाच. ढोलवाले त्यांच्या मागे गेले. बायकांनी पदराने कपाळं पुसली. संध्याकाळच्या आत अंगणात फुलांचा कचरा आणि आम्ही चौघं उरलो.

उल्हासनगरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तशी नळी मिळाली. दुकानदार शेठ सांगत होते, "ये तेल जानबूझकर लाल बनाते हैं, मास्टरजी. इंजिन का काला, ये लाल. टपका तो फौरन पता चले, लीक कहाँ है." गळती ओळखू यावी म्हणून दिलेला रंग. आमच्याकडे त्याच रंगाआड गळती लपली होती. वाकलेली पट्टी ठोकून सरळ केली, नळी बसवली. बबन पुन्हा बाजारात जाऊ लागला. मामाकडे जायला भरलेली अंजनीची पिशवी उघडली गेली.

गोष्ट इथे संपवली तर ती सुखाची होईल. पण पुढच्या गुरुवारी मी सहज म्हणून तिकडे गेलो. सुनंदाबाईंनी सवयीने अंगण सारवलं होतं. दुपारचे तीन वाजले. चार वाजले. कुणी आलं नाही. रिक्षा रस्त्याने सरळ पुढे जात होत्या. गाडी गप्प उभी होती. आता ती साध्या वळणावर कण्हत नव्हती.

"गुरुजी," त्यांनी विचारलं, "मंग ते हायत कुठं?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्या दिवशी फार सोपं होतं.

"ते नाहीत, सुनंदाबाई," मी म्हटलं. "गाडीत नाहीत आणि मठातही नाहीत. ते कसे होते, ते तुम्हाला माहीत आहे. अंजनीला माहीत आहे. मला फारसं माहीत नाही. सांगाल?"

त्या पायरीवर बसल्या. मग काकड्यांचं सांगू लागल्या. कडू काकडी तो देठ बघून ओळखायचा. बाजारात गिऱ्हाइकाला चाखायला द्यायचा आणि कडू निघाली तर स्वतः खायचा. अंजनीला हे माहीत नव्हतं. ती जवळ सरकली.

वाचकहो, कुणी चमत्कार दाखवला तर झाकण उघडून बघा. तीर्थ हातावर घ्या. रक्त म्हणतात ते सुकतं का, पाण्यात मिसळतं का, एवढं तरी बघा. पोराने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. त्याला खोटं सांभाळायचं नसतं, म्हणून त्याला लवकर दिसतं. आणि ज्या घरातलं माणूस गेलं आहे, तिथे तेराव्यानंतरही जा. जाऊन काही शिकवू नका. नुसतं बसा, गेलेल्याबद्दल विचारा. तिथे आपण गेलो नाही, तर कुणीतरी कमंडलू घेऊन जातो.

त्या संध्याकाळी शेजारीण कुंपणापर्यंत आली होती. बोलणं ऐकून थांबली, आणि थोड्या वेळाने आत येऊन पायरीवर टेकली. सुनंदाबाईंनी तिच्यासाठी जागा केली आणि काकडीचं पुढे सांगितलं.